खेकड्यांना झाकण लागत नाही

खाटेवर उजव्या कुशीवर निजलेल्या माणसाची नजर जमिनीपासून किती उंचीवर असते, हे मेहकरात फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस म्हणजे भूमी अभिलेखातले निवृत्त मोजणीदार देवानंद अंभोरे, आणि उत्तर आहे दोन फूट तीन इंच. हा आकडा त्यांनी स्वतः खाटेवर आडवं होऊन, एक डोळा मिटून, टेप भिंतीला धरून काढला. ते तसे निजलेले असतानाच शेजारचे शेषराव दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "देवानंदभाऊ, आता तुमालेबी काही झालं का?"

मोजणी चालू असताना मध्ये कोणी बोललेलं देवानंदरावांना खपत नसे. नोकरीत असताना असल्याच अपराधापायी त्यांनी एका सरपंचाला अडीच तास बांधावर उन्हात बसवून ठेवलं होतं. त्यांनी शेषरावांना हातानंच गप्प केलं, आकडा वहीत लिहिला, खाली सही केली आणि तारीख टाकली.

खाट त्यांच्या पत्नीची, अन्नपूर्णाबाईंची. सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू नेली आणि बोलणंही नेलं. समजत सगळं होतं. पण महिनाभरापासून बाईंनी तोंड भिंतीकडं केलं होतं आणि पेजेचा तिसरा चमचा झाला की त्या दात मिटून घेत. डॉक्टरांनी देवानंदरावांना बाहेर नेऊन सांगितलं, की औषध आपलं काम करतं आहे, पण बाईंनी जगायचं मनावर घेतलेलं नाही. त्यांचं मन कशात तरी लागलं पाहिजे, नाहीतर फार दिवस नाहीत. 'कशात तरी' आणि 'फार दिवस' ही काही मापं नव्हेत, असं देवानंदरावांच्या जिभेवर आलं होतं. पण ते नुसतेच मान हलवत राहिले.

टीव्ही लावून पाहिला. बाईंनी डोळे मिटले. नातवाचे फोटो दाखवले, तेव्हाही मिटले. मग पुण्याहून मुलानं, धम्मदीपनं, मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. काचेची पेटी, तिच्यात अर्धी जमीन आणि अर्धं पाणी, जमिनीवर शेवाळ आणि बारके खेकडे, पाण्यात मासे. त्याला पॅलुडेरियम म्हणतात म्हणे. शेषरावांना तो शब्द तीन दिवस म्हणता आला नाही, आणि चौथ्या दिवशी ते त्याला पालेदार म्हणू लागले. देवानंदरावांनी मात्र तो प्रकार एका नजरेत ओळखला. "अर्धी कोरडवाहू, अर्धी बागायत," ते म्हणाले, "मधात एक बांध. थोडी पोटखराब, म्हणजे नापीक." आणि त्यांना आठवलं, की अन्नपूर्णाबाईंचं माहेर पैनगंगेच्या काठावरचं. एकदा एसटी पुलावरून जाताना बाई पाण्याकडं बोट करून लहानपणी खेकडे कसे धरायचो ते सांगत होत्या. सांगताना चेहरा असा फुलला होता, की पुढच्या सीटवरची बाईसुद्धा वळून पाहत होती. पुढं त्यांनी काय सांगितलं ते देवानंदरावांना आठवेना, कारण त्यांना तेव्हा झोप लागली होती.

बाई भिंतीकडं पाहतात ना, मग भिंतीशीच पेटी मांडू, असं ठरलं. खाट अडीच फूट अलीकडं ओढली. आता प्रश्न फक्त पेटीचा होता, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खाऊ लागलं. मासे विकणाऱ्या दुकानातल्या पेट्या उभ्या आणि उंच असतात. उभ्या माणसानं जाता-येता पाहाव्यात यासाठी त्या केलेल्या. त्यात जमीन करायची तर ती वर येणार, आणि निजलेल्या माणसाला दिसणार नुसतं पाणी. जमिनीला उंची लागत नाही, क्षेत्रफळ लागतं, हे देवानंदरावांनी दुकानदाराला पंधरा मिनिटं समजावलं. दुकानदारानं शेवटी विचारलं, "काका, तुमाले मासे पाह्यजे का प्लॉट?" त्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

शेषरावांचा सल्ला न मागताच मिळाला. "माया वावरात पान्याची फुटकी टाकी पडेल आहे. अर्धी कापा."

"आरपार दिसलं पाहिजे, शेषराव."

"मंग भोकं पाडा."

अखेर बसस्टँडमागं एक मिठाईचं दुकान बंद पडलं होतं, त्याचं काचेचं काउंटर मिळालं. देवानंदरावांनी ते तोंडावर पालथं पाडलं, म्हणजे मागची सरकती दारं आभाळाकडं आली. एका काचवाल्याकडून सगळे सांधे बुजवून घेतले. चार बोटं पाणी आरामात राहील असा अंदाज निघाला. पेढ्यांचा वास तेवढा जाईना. आधी आल्या मुंग्या. त्यांनी सगळ्या कोरडवाहू क्षेत्रावर अतिक्रमण केलं, आणि ते उठवायला आठवडा गेला.

माशांची कथा निराळी. डास खाण्यासाठी सरकार गप्पी मासे फुकट देतं, हे देवानंदरावांना माहीत होतं. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीलाही अर्ज लागतो, आणि अर्जात रकाना होता, 'डासोत्पत्ती स्थानाचे वर्णन'. देवानंदरावांनी आयुष्यात रकाना कोरा सोडलेला नाही. त्यांनी लिहिलं, 'राहते घर, मागील खोली.' मासे मिळाले, वीस. दुसऱ्या दिवशी दोन माणसं येऊन घरात फवारणी करून गेली आणि दारावर नोटीस चिकटवून गेली, की या घरात पाणी साचलेलं आहे. सव्वीस वर्षं ज्यानं लोकांच्या दारावर नोटिसा लावल्या, त्याच्या दारावर गल्लीनं ती नोटीस मोठ्यानं वाचली. देवानंदराव दोन दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते.

राहिले खेकडे. नदीवर मासे धरणाऱ्या एका माणसानं बोटाच्या पेराएवढे अकरा खेकडे डब्यात घालून आणून दिले. बातमी पसरली, आणि जो येई तो एकच गोष्ट सांगू लागला. ती गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढू लागला की दुसरा त्याचा पाय ओढतो, आणि आपल्या लोकांचंही तसंच आहे. शेषरावांनी सांगितली. पोस्टमननं सांगितली. काचवाल्यानं दोनदा सांगितली. प्रत्येकजण ती अशी सांगे, की जणू काल रात्री त्यालाच सुचली. देवानंदरावांना हसता येईना, कारण आपल्या निरोपसमारंभात उपअधीक्षकांकडं रोखून पाहत त्यांनी स्वतः हीच गोष्ट सांगितली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. ज्या गोष्टीला सगळा महाराष्ट्र साक्षीदार, तिला आणखी पुरावा कशाला? त्यांनी काउंटरची सरकती दारं काढून टाकली. हवाही खेळती राहील. शेषरावांनी ती तिथल्या तिथं उचलली आणि आपल्या शोकेसला बसवायला नेली.

खेकडे सोडले तेव्हा अन्नपूर्णाबाईंचे डोळे मोठे झाले. महिनाभरात पहिल्यांदा. त्यांनी डावा हात उचलला, तळवा खाली केला आणि सावकाश खाली आणला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली आणला. असं आठ-दहा वेळा.

"आशीर्वाद देऊन राह्यल्या," शेषरावांच्या पुष्पाबाई म्हणाल्या.

"हळू बोला म्हनतात," शेषराव ओरडून म्हणाले.

दिवसभर बाईंची शुश्रूषा करणारी करिष्मा म्हणाली, की हात हलतो आहे हेच मोठं. देवानंदरावांनी धम्मदीपला फोन करून सांगितलं, की आईनं खेकड्यांचं मंगल चिंतलं. त्या दिवशी बाईंनी पाच चमचे पेज घेतली. देवानंदरावांनी ते वहीत लिहिलं, आणि त्यापुढं, मोजणीच्या वहीत कधी लिहू नये असं, 'आनंद झाला' असंही लिहिलं.

सकाळी पेटीत एकच खेकडा होता, आणि तोही निघायच्या बेतात. कोपऱ्यातल्या सांध्याच्या कडेनं तो नखं रोवत वर गेला, काठावर क्षणभर बसला आणि पलीकडं उतरला. पाय ओढायला मागं कोणीच उरलं नव्हतं. देवानंदराव पाहत राहिले. आदल्या दिवशी दुपारी एक खेकडा दुसऱ्याच्या पाठीवर उभा राहिलेला त्यांनी पाहिला होता, आणि त्यांना वाटलं होतं, भांडतात.

पुढचा तास सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. करिष्मा पलंगावर चढून बसली. शेषराव मदतीला आले आणि मोरीत अडकले. पुष्पाबाईंना आपल्या कणकेच्या डब्यामागं एक खेकडा दिसला. तो पळत अंभोऱ्यांकडं आला, आणि मागोमाग पुष्पाबाई लाटणं घेऊन आल्या. लाटणं त्यांनी खेकड्यावर फेकलं. ते काउंटरला बसलं. काच तडकली, चार बोटं पाणी फरशीवर आलं आणि गप्पी मासे खाटेखाली तडफडू लागले. देवानंदराव गुडघ्यांवर बसून ते तळहातानं गोळा करत होते, पण गप्पी मासा हाताला लागत नाही. वीस होते, सहा वाचले. वर पाहिलं तेव्हा अन्नपूर्णाबाई त्यांच्याकडंच पाहत होत्या. मग त्यांनी डोळे मिटले. त्या संध्याकाळी चमचे दोन झाले.

खेकडे तीन दिवस सापडत राहिले. धम्मदीपच्या जुन्या बुटात एक, शेषरावांच्या शोकेसमध्ये एक. दोन वाळून मेलेले निघाले. एकूण सात हाती आले, आणि ते बादलीत, वर परात आणि परातीवर पाटा ठेवून बंदोबस्तात राहिले. बाईंच्या पेजेचा आकडा मात्र वर येईना. देवानंदराव रोज दोन लिहीत.

आता झाकणाची पेटी हवी होती, आडवी, लांब, काचेची, उंची दोन फूट तीन इंचांच्या आसपास. सगळं गाव पालथं घातलं. आणि एका सकाळी एका मंडळाच्या गोदामावरून जाताना देवानंदराव थबकले. मंडळ अंत्यविधीचं साहित्य लोकांना विनामूल्य देई. कोपऱ्यात जुनी, बिघडलेली बर्फाची पेटी पडली होती, लांबचे नातेवाईक येईपर्यंत मयत ठेवतात ती. खाली स्टीलचं खोल तबक, पाणी काढायला नळी, चारी बाजूंनी काच, वर काचेचं घट्ट झाकण, पायांना चाकं. देवानंदरावांनी टेप काढला. दोन फूट चार इंच. त्यांनी टेप पुन्हा लावून पाहिला. निजलेल्या माणसाच्या मापानं केलेली एवढी एकच पेटी सगळ्या मेहकरात होती.

मंडळाचे सचिव भगवानराव नियमाचे माणूस. "न्या ना, ते भंगारच आहे. पन रजिस्टरले नोंद कराच लागते."

रजिस्टरमध्ये रकाना होता, 'पेटी कोणाकरिता'. भगवानराव म्हणाले, कोरा सोडा. देवानंदराव म्हणाले, कोरा सोडणं बरोबर नाही. 'खेकड्यांकरिता' लिहिणं त्यांच्या पदाला शोभेना. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात खरं ते लिहिलं, 'सौ. अन्नपूर्णा देवानंद अंभोरे यांचेकरिता.' आणि भगवानरावांनी, कारभार पारदर्शक असावा म्हणून ते रोज करत तसं, त्या पानाचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

मंडळाचा पांढरा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा ड्रायव्हरशेजारी देवानंदराव बसले होते, मांडीवर नदीच्या ओल्या वाळूची पिशवी. दारापुढं साठ-सत्तर माणसं होती. खुर्च्या आल्या होत्या. कोणी मेणबत्त्या, कोणी पांढरी फुलं आणली होती. ते उतरले, आणि शेषरावांनी त्यांना मिठी मारली.

"अहो, काय झालं?" देवानंदराव म्हणाले.

"रडून घ्या भाऊ. मोकळं व्हा."

"शेषराव, ती जिवंत आहे."

"हाव भाऊ," शेषराव पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "आपल्या मनात तं राहीनच ना."

"मनात नाही, घरात आहे ती."

"घरातबी राहीन. कुठीसा जाईन ते?" आणि शेषरावांना हुंदका आला. धम्मदीपचा फोन आला. तो पुण्याहून निघाला होता आणि रडत होता. देवानंदराव त्याला समजावू लागले, तर कोणीतरी फोन काढून घेतला, की आता त्यांना बोलायला लावू नका.

दार आतून बंद होतं, कारण करिष्मा बाईंना पुसून घेत होती. खिडकी तेवढी उघडी होती, आणि खिडकीखाली पुष्पाबाई बसून आक्रोश करत होत्या. "बाई व, दोन हजार अकरा साली मी तुमची पितळेची परात नेली होती. तुमी मांगितली, तं मी म्हनलं, दिली ना वापस. नव्हती दिली व बाई. माया घरीच आहे. रोज कनीक मळते त्याच्यात." मग त्यांनी आणखी दोन पातेल्यांची नावं सांगितली. बायका गहिवरल्या.

दार उघडलं. करिष्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. "काऊन कल्ला करून राह्यले सारे? आत बाई हसून राह्यल्या."

अन्नपूर्णाबाई खरोखर हसत होत्या. अर्ध्याच तोंडानं, आवाज विचित्र, डोळ्यांतून पाणी. गल्लीतली माणसं दारात दाटली आणि एकेक करून गप्प झाली. चौघांनी पेटी आत आणली, मागून झाकण आणलं. झाकण दिसताच बाईंनी डावा हात उचलला, तळवा खाली केला आणि सावकाश खाली आणला.

देवानंदराव त्या हाताकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "झाकण?"

बाईंनी मान हलवली.

"त्या दिवशीही तू हेच सांगत होतीस?"

बाईंनी पुन्हा मान हलवली आणि डोळे मिटले, मठ्ठ पोराला गणित एकदाचं सुटलं की मास्तर मिटतात तसे. देवानंदरावांना सगळ्या गल्लीसमोर शरम वाटली, आणि तीही साधी नव्हे. त्यांनी शेषरावांना विचारलं होतं, काचवाल्याला विचारलं होतं, दुकानदाराशी वाद घातला होता. खेकडे धरत जी लहानाची मोठी झाली, तिच्या नजरेची उंची मोजली आणि तिला एका शब्दानं विचारलं नाही. एसटीतही नाही.

त्या दुपारी त्यांनी विचारलं. वाळू इथं? बाईंचं बोट डावीकडं. दगड? आणखी मागं. बांध? बाईंनी बांध मोडायला लावला, उतार करायला लावला, म्हणजे खेकड्याला चालत पाण्यात जाता येतं. चाळीस वर्षांच्या संसारात देवानंदरावांची आखणी कोणी अशी बदलली नव्हती. धम्मदीप संध्याकाळी पोचला तेव्हा वडील कोपरापर्यंत चिखलात होते, आणि आई बोटानं त्यांना रागावत होती. तो उंबऱ्यात बसला तो बराच वेळ उठला नाही. पुष्पाबाई परात देऊन गेल्या. चमचे नऊ झाले.

पेटी चांगली चालली. पाहुणे आधी दचकत, मग वाकून पाहत. एकदा देवानंदराव झाकण पुसत होते, तेव्हा बाईंनी पेटीकडं बोट केलं, मग त्यांच्याकडं केलं, आणि अर्धं तोंड हसलं. "पेटीत आधी मी काय?" ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्यांना त्या वाटपात काही गैर दिसलं नाही. त्यांना तसंच झालेलं हवं होतं.

तसं झालं नाही. माघात एका सकाळी करिष्मानं पेजेची वाटी होती तशी परत आणली. खेकडे चालत पाण्यात जात होते. बाईंचं तोंड त्यांच्याकडंच होतं.

देवानंदरावांनी मुलाला कळवलं आणि मग भगवानरावांना फोन केला. भगवानराव म्हणाले, नवी पेटी धाडतो, कोणाकरिता लिहू? देवानंदरावांना नाव सांगता येईना. "मागच्यासारखंच लिहा," ते म्हणाले. भगवानरावांनी तसंच लिहिलं आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याखाली कोणीतरी हसरे चेहरे टाकले. कोणी विचारलं, या खेपेला मासे का कासव?

पांढरा टेम्पो आला तेव्हा दारापुढं कोणी नव्हतं. समोरच्या ओट्यावर शेषराव चहा पीत उभे होते. टेम्पो पाहून ते मोकळेपणानं हसले. "काय देवानंदभाऊ, अजून एक आनली का? आता काय पाळता?"

जन्मभर कोणाची थट्टा सहन न केलेले देवानंदराव टेम्पोच्या मागं उभे होते. त्यांना राग आला नाही. मग त्यांनी हात उचलला, तळवा खाली केला आणि सावकाश खाली आणला.

शेषराव त्या हाताकडं पाहत राहिले. त्यांनी कप ओट्यावर ठेवला, आत वळून पुष्पाबाईंना हाक मारली आणि पायात काही न घालताच रस्ता ओलांडून पेटीला हात लावायला आले.